मडगावात कोंबड्या आणि बदकं एकत्र

कोंबड्या आणि बदकं एकाच खुराड्यात ठेवता येतील का, असा मूळ प्रश्न होता. दिवसा परसात एकत्र सोडा, खुशाल. रात्री मात्र वेगळी ठेवा. कोंबड्यांना दांडीवर बसायला लागतं, बदकं जमिनीवरच झोपतात आणि वरून पडणारं सगळं झेलतात.

आपल्याकडे खरी अडचण जून ते सप्टेंबर. बदकाला नाकपुड्या आणि डोळे बुडतील इतकं खोल पाणी हवंच, पण ते सगळीकडे उडवतं. ओल्या तुसात कोंबड्यांच्या पिल्लांना कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवीचा रोग) होतो, विष्ठेत रक्त दिसू लागतं. म्हणून टब खुराड्यापासून लांब, माडाच्या आळ्याजवळ ठेवावा. घाण पाणी माडालाच जातं.

बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन (एक ब-जीवनसत्त्व) जास्त लागतं, नाहीतर पाय वाकतात. खाद्यावर थोडं ब्रूअर्स यीस्ट भुरभुरावं. राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस कोंबड्यांच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यातच द्या, पशुवैद्यकाला विचारून.

खुराड्याला कोंबड्यांची नेहमीची पातळ तारेची जाळी पुरेशी, असं कोणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. ती जाळी कोंबड्या आत ठेवते, मुंगूस बाहेर नाही. वेल्डेड जाळी घ्या आणि खाली फूटभर बाहेरच्या बाजूला जमिनीत पुरा. रात्री उदमांजर येतं, त्यामुळे छपरालाही जाळी हवी.

शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल म्हणाल तर कोंबडा नसला तरी अंडी मिळतातच. बदकांत मादीच जास्त ओरडते, नराचा आवाज घोगरा आणि हलका. पण अंडी तीच देते, काय करणार!