टेम्पटेशन्सना व्हिटफील्डने झाकोळलं? साफ नामंजूर

खर्जातला: काल इथे कुणी लिहिलंय, "नॉर्मन व्हिटफील्डने टेम्पटेशन्सना त्यांच्याच गाण्यात पाहुणे करून ठेवलं." व्हिटफील्ड म्हणजे डेट्रॉईटच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा प्रोड्युसर, टेम्पटेशन्स तिथलाच पाच गायकांचा ग्रुप. राहवलं नाही म्हणून लिहितोय. 'एन्ट टू प्राउड टू बेग' (१९६६) ऐका. ग्रुपचा गायक डेव्हिड रफिनला झेपेल त्याहून चढी पट्टी व्हिटफील्डने मुद्दाम दिली. गाताना रफिन घामाने निथळला, म्हणून तर ती याचना खरी वाटते. गायक झाकणारा माणूस एवढी मेहनत घेईल? व्हिटफील्डनेच केलेलं, मोटाउनचाच गायक मार्विन गेचं 'ग्रेपव्हाइन' तर कंपनीचा मालक गॉर्डीने बाजूला टाकलं होतं. १९६८ मध्ये बाहेर आलं आणि अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

डेट्रॉईटकर: १९६६ वर थांबू नका. 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन' (१९७२) अल्बमवर जवळजवळ बारा मिनिटांचं आहे, त्यात पहिली चारेक मिनिटं एकही आवाज नाही! पाच गायक काय उभे राहायला होते? पुढच्या वर्षी 'मास्टरपीस' तेरा मिनिटांच्या वर. शेवटी ग्रुपनेच दुसरा प्रोड्युसर मागितला.

खर्जातला: त्या चार मिनिटांत बेस तेवढाच घुटमळत राहतो, ड्रमची हाय-हॅट झांज टिकटिकते, गिटार कण्हते. बाप मेलेल्या घरातली शांतता आहे ती. गाण्याला तीन ग्रॅमी मिळाले.

कीबोर्डवाला: आणि वाजवणारे? फंक ब्रदर्स, म्हणजे मोटाउनचे स्टुडिओतले वादक, त्यांची नावं मोटाउनच्या अल्बमवर १९७१ पर्यंत छापलीच नाहीत. मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. गेल्या गणपतीत निवेदकाने मांडववाल्याचेसुद्धा आभार मानले, आम्हा सात वादकांपैकी एकाचंही नाव नाही. घरी येऊन जेवलो नाही त्या रात्री.

डेट्रॉईटकर: वाईट वाटलं, पण विषय तो नाही.

कीबोर्डवाला: तोच आहे! गायक मोठा की प्रोड्युसर, एवढंच भांडताय तुम्ही. तिसरा माणूस तुम्हाला दिसतच नाही.

ओवी_वाचक: चौथाही दिसत नाही. 'ग्रेपव्हाइन' आणि 'पापा'चे शब्द व्हिटफील्डचा जोडीदार गीतकार बॅरेट स्ट्राँगचे. इतकं भांडलात, त्याचं नाव कुणी घेतलं? गीतकाराची हीच गत सगळीकडे.

डेट्रॉईटकर: आवाज चढवू नका. 'जस्ट माय इमॅजिनेशन' (१९७१) व्हिटफील्ड आणि स्ट्राँगचंच, आणि त्यात टेम्पटेशन्सच्याच एडी केंड्रिक्सचा आवाज मोकळा सोडलाय. तेवढं मान्य. 'मास्टरपीस'ची बाजू मात्र मी मेलो तरी घेणार नाही.

खर्जातला: नका घेऊ, मलाही ते लांबलेलंच वाटतं. कीबोर्डवाले, मार्विनच्या 'ग्रेपव्हाइन'वर बेस फंक ब्रदर्सपैकी जेम्स जेमर्सनचा आहे. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.