'वाढ हवी का' यापेक्षा 'कुठे' हे विचारा

शहराच्या निवडणुकीतल्या उमेदवारांची, नवी घरं बांधू देण्यावरून, 'वाढीच्या बाजूचे' आणि 'विरोधातले' अशी जी विभागणी केली जाते, ती मला अपुरी वाटते. परवडणारी घरं हवीत, असं तर प्रत्येकच उमेदवार म्हणतो. फरक कळतो तो घरं नेमकी कुठे आणि किती मजली होऊ देणार, हे विचारल्यावर.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या नगर परिषदेने २०१८मध्ये विकास आराखडा मंजूर केला आणि जिथे फक्त एका कुटुंबाचं घर बांधता येत असे, तिथे तीन घरांपर्यंत परवानगी दिली. गाजावाजा याच तरतुदीचा झाला. पण नवी घरं प्रामुख्याने आली ती बसमार्गांलगतच्या मोठ्या इमारतींमधून, आणि नव्या इमारतीत ठरावीक पार्किंग ठेवण्याची सक्ती काढल्याचाही त्यात वाटा होता. म्हणून पार्किंगबद्दल उमेदवार काय म्हणतो हे मी आधी बघेन. कंटाळवाणा विषय आहे खरा, पण घराच्या किमतीत तो थेट उतरतो.

शहराच्या कडेला वाढ ढकलणारे उमेदवार सर्वांना खूश ठेवतात, कारण शेजारी कुणी नाराज होत नाही. मग तिथवरच्या जलवाहिन्या, रस्ते आणि त्यांची कायमची देखभाल कोण भरणार? ते सांगत नाहीत. जुन्या इमारती पाडल्यावर भाडेकरूंचं काय, यावरही मला स्पष्ट उत्तर हवं आहे. नुसतं 'काळजी घेऊ' पुरेसं नाही.

जे पुन्हा उभे आहेत, त्यांचे जाहीरनामे बाजूला ठेवा आणि सभांची इतिवृत्तं वाचा. आपल्याच प्रभागातल्या प्रकल्पावर त्यांनी कसं मत दिलं, ते तिथे नोंदलेलं असतं.