दिरांचा जुना डी३५०० की नवा मिररलेस? (बॅडमिंटन हॉल, जवळचा चष्मा, हौशी हात)

चष्मेबहाद्दर_आई

नमस्कार मंडळी. घरात यावरून तीन आठवडे घोळ चाललाय, म्हणून तुमच्यासमोर मांडते.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते. सराव आणि सामने सगळे बंद हॉलमध्ये, वर एलईडी दिवे. आजवर मोबाइलवर फोटो काढत आले. उभी असताना छान येते, पण स्मॅश मारायला उडाली की हाताच्या जागी पांढरट फराटा.

दीर आता फोटो काढत नाहीत. ते त्यांचा निकॉन डी३५०० देऊन टाकायला निघालेत, सोबत तीन लेन्स: १८-५५, ७०-३०० आणि ३५ एमएम एफ १.८. म्हणाले, "वहिनी, कपाटात पडून आहे, तुम्ही तरी वापरा." नवऱ्याचं म्हणणं, फुकट मिळालं तरी जुनं ते जुनं, घ्यायचाच तर कॅननचा आर५० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) किट लेन्ससकट, म्हणजे सोबत मिळणाऱ्या लेन्ससकट, नवा घेऊ. दुकानात तो हातात धरून पाहिला. मुलीच्या डोळ्यावर चौकोन असा चिकटला की ती मुद्दाम मान वळवत होती तरी सुटेना. मी तिथेच विरघळले होते.

वय एकोणपन्नास. जवळचा चष्मा आहे. व्हिडिओ काढत नाही. फोटो छापून भिंतीवर लावायला आवडतात. काय करू?

अर्धी_फ्रेम

आर५०. विचार कसला करताय?

डी३५०० हा २०१८ चा, आणि निकॉनने तो बनवणंही आता बंद केलंय. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे ११ बिंदू, सगळे मधल्या भागात गोळा झालेले, त्यातला क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला. सेकंदाला ५ फोटो. आर५० आहे २०२३ चा, सेकंदाला १२ फोटो, डोळा शोधणारं फोकस जवळपास अख्ख्या चौकटीभर. पळणाऱ्या पोरीसाठी हाच फरक महत्त्वाचा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून चालतात, त्यामुळे पुढेही अडत नाही.

काजळी

अर्धी_फ्रेम यांनी सांगितलेलं कॅमेऱ्यापुरतं सगळं खरं आहे. पण ताई, तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ते ओलांडून गेले: ३५ एमएम एफ १.८.

जरा हिशोब मांडू. उडी मारलेली खेळाडू गोठवायला १/१००० सेकंदाचं शटर लागतं. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं; आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, वाढवली की फोटो दाणेदार होतो. हॉलमधल्या बेताच्या उजेडात एफ १.८ ला आयएसओ १६०० च्या आसपास भागतं असं धरू. आता आर५० सोबतची १८-४५ घ्या. ४५ वर नेली की ती एफ ६.३ च्या पलीकडे उघडतच नाही. ६.३ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे बारा. उजेड बारापट कमी. तेवढाच फोटो हवा तर आयएसओ १९,००० च्या वर न्यावा लागेल. डोळ्यावर चौकोन बरोबर चिकटेल हो, पण त्या डोळ्याभोवती गालाऐवजी रवा दिसेल. आणि तुम्हाला तर छापायचंय.

दोन्ही सेन्सर एकाच मापाचे (एपीएस-सी), दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. आयएसओ १६०० ला काढलेल्या दोन प्रिंट शेजारी ठेवल्या तर कुठली कशातून आली हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि हा धंदा मी बरीच वर्षं करतोय.

मिररलेस घेणारच असाल तर त्यासोबत एक मोठ्या तोंडाची लेन्स हिशोबात धरा. किट लेन्सवर हॉलमध्ये शिरू नका. त्याआधी दिरांचा कॅमेरा एक संध्याकाळ घेऊन जा. शटर प्रायॉरिटी नको, मॅन्युअल लावा: १/८००, एफ २, आयएसओ ऑटो. आणि फोकस एएफ-सी वर (हलणाऱ्या माणसामागे फिरत राहणारा), फक्त मधला बिंदू.

जुनाट

कपाटात पडून होता म्हणता, तर आधी काचा बघा. दोन्ही टोप्या काढायच्या आणि मोबाइलची बॅटरी मागून लेन्समधून मारायची. या निकॉनच्या लेन्सना अॅपर्चरचं कडं नसतं आणि कॅमेऱ्यातून काढली की पाती मिटलेली असतात. मागच्या बाजूला बारीकशी दांडी असते, ती बोटाने सरकवून धरली की तोंड उघडतं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. थोडी धूळ दिसेल, तिला घाबरू नका.

शटर किती वेळा पडलंय तो आकडा निकॉन फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो. एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) उघडून दाखवणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो दिसतो.

आणि एक. कोणीतरी स्वस्तातली ५० एमएम एफ १.८ डी लेन्स गळ्यात मारेल, घेऊ नका. डी३५०० मध्ये फोकसची मोटर नाही, ती हाताने फिरवत बसावी लागेल. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं बघून घ्या.

चष्मेबहाद्दर_आई

काजळी, जुनाट, दोघांचे आभार. काल कॅमेरा हॉलमध्ये नेला. सविस्तर लिहिते, कंटाळलात तर सोडून द्या.

बुरशी नाही (दांडी सापडायला वीस मिनिटं गेली). २१२ फोटो काढले. पहिले साठ-सत्तर पार वाया. पोरगी धूसर आणि जाळीची एकेक गाठ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट! मग तुमचा मेसेज पुन्हा वाचला. मी बिंदू निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलं होतं, आणि त्याला जे जवळ दिसेल ते तो पकडत होता. मधला बिंदू केल्यावर बदल झाला. सगळे नाही, पण तीनातला एक तरी लख्ख. स्मॅशचा एक असा आलाय की शटलकॉक रॅकेटच्या तारांवर टेकलेलं दिसतंय. तो मी आल्यागेल्याला दाखवतेय.

तक्रारी दोन. मधला बिंदू चेहऱ्यावर ठेवायचा म्हणून प्रत्येक फोटोत चेहरा बरोब्बर मध्ये, वर नुसतं छत आणि खाली पाय कापलेले. मुलगी म्हणाली, "आई, हे सगळे ओळखपत्राचे फोटो आहेत." दुसरी तक्रार चष्म्याची. व्ह्यूफाइंडरमधून बघायला चष्मा नको, पण काढलेला फोटो मागच्या पडद्यावर बघायला हवाच. डोक्यावर, नाकावर, डोक्यावर, नाकावर. दोन तासांत मान आखडली. शिवाय आतलं चित्रही जरा धुरकट वाटत होतं.

आणि सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळट असं का होतंय?

काजळी

शेवटचं आधी. ते दिवे दर सेकंदाला शंभरेक वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, १/८०० च्या शटरला कळतं. त्या लहरीच्या चढावर शटर पडलं की उजळ, उतारावर पडलं की काळपट. डी३५०० कडे फोटोसाठी याचा उपाय नाही. आर५० मध्ये ही लुकलुक (फ्लिकर) ओळखून योग्य क्षणी शटर टाकायची सोय आहे, हा त्याचा खरा फायदा, आणि जाहिरातीत त्याबद्दल कोणी बोलत नाही. मात्र मिररलेसवर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर याच दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात, ते आणखी वाईट. तूर्त १/५०० करून बघा, फरक थोडा कमी होतो.

ओळखपत्रावर इलाज: कॅमेरा उभा धरा आणि बिंदू एक घर वर घ्या. किंवा लांबून काढा आणि नंतर कापा, २४ मेगापिक्सेल असतात कशाला.

धुरकटपणाचं सांगतो. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या अंगाला बारीक दातेरी चाक आहे. चष्मा काढा, आत दिसणारे आकडे ठसठशीत होईपर्यंत ते फिरवा. दिरांच्या डोळ्याला लावलेलं असणार ते. वर्षानुवर्षं कॅमेरा वापरून ते चाक माहीत नसलेली माणसं मी पाहिलीत.

अर्धी_फ्रेम

चष्म्याच्या मुद्द्यावर मिररलेसच जिंकतो हे तरी कबूल करा. ईव्हीएफमध्ये (त्याच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये) काढलेला फोटो तिथल्या तिथे आतच दिसतो. आरशाच्या कॅमेऱ्यात ते होणे नाही.

काजळी

कबूल. त्या एका गोष्टीसाठी मीसुद्धा कॅमेरा बदलला.

जुनाट

बॅटरीचं कोणी बोललंच नाही. डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो, निकॉनच्या अधिकृत मोजणीप्रमाणे. मिररलेस त्याच्या जवळपासही येत नाही, दोन बॅटऱ्या खिशात ठेवूनच फिरायचं. वजनाचं म्हणाल तर बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅमविरुद्ध ३७५. चाळीस ग्रॅमसाठी एवढा गाजावाजा.

धूसर

उशिरा आलो. ताई, लेन्स निकॉनच्या आहेत तर तुलना कॅननशी का चाललीय? पुढेमागे मिररलेस घ्यायचाच झाला तर निकॉनचा झेड५० किंवा २०२४ चा झेड५०-२ बघा. एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स बसवायचा जोड) लावला की दिरांची ३५ त्यावर ऑटोफोकससकट चालते (ती एएफ-एस आहे म्हणून). डोळा पकडणं मिळेल, एफ १.८ पण राहील, फ्लिकरचीही सोय आहे. म्हणजे आज लेन्सवर काही खर्च केलात तरी वाया जात नाही. आधी सांगा, ३५ ने पोरगी पुरेशी जवळ येते का?

चष्मेबहाद्दर_आई

नाही येत. मी कोर्टच्या मागच्या कोपऱ्यात बसते. या बाजूला असली की ठीक, पण कोर्ट तेरा मीटरवर लांब आहे. बाजू बदलून पलीकडे गेली की मुंगी. ७०-३०० लावून पाहिली, जवळ आली पण सगळं काळंकुट्ट.

ते चाक सापडलं बरं का! फिरवल्यावर आतला हॉल धुतल्यासारखा स्वच्छ. दिरांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "कुठलं चाक?"

नवऱ्याला रव्याचा हिशोब दाखवला. त्याने कॅल्क्युलेटरवर स्वतः वर्ग काढून पाहिला आणि गप्प बसला. तर या मोसमापुरता डी३५०० आमच्याकडेच. धूसर, मग त्या पलीकडच्या बाजूसाठी काय घेऊ?

धूसर

८५ एमएम एफ १.८ जी. एएफ-एस आहे, डी३५०० वर फोकस होते, पुढे अडॅप्टरवरही होईल. पण विकत घेण्याआधी एक करा. ७०-३०० वरचा आकडा ८५ वर ठेवून एक गेम बघा. फोटो काळे येऊ देत. पोरगी चौकटीत मावते का एवढंच बघायचं. या बाजूला आली की डोकं कापलं जाईल, त्यामुळे कुठली बाजू जास्त महत्त्वाची ते तुम्हीच ठरवा.

चष्मेबहाद्दर_आई

शनिवारी सामना आहे. बघून कळवते.