निकोटिनचं गम, पॅच वापरून सिगरेट सोडलीये का कोणी? अनुभव लिहा

इथे इंदूरला राजवाड्याजवळ मेडिकलवर उभी होते, पुढचा मुलगा एकदम हळू आवाजात 'भिया वो सिगरेट छोडने वाला गम' म्हणाला आणि मला आमचे भाऊजी आठवले. गुटखा चघळावा तसं सलग चघळायचे, मग उचक्या, छातीत जळजळ, आणि वर 'हे फालतू आहे'. अहो थोडं चावायचं, तिखट झिणझिण आली की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की परत चावायचं. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचतो कोण. तुमच्याकडचं सांगा.

जिरावन:
मी. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पेटवायचो म्हणून डॉक्टरांनी 4 एमजी दिलं. 2 वालं असंच मिळतं, 4 ला चिठ्ठी लागते. खरी पंचाईत पोह्यांची. लिंबू पिळून पोहे, वर चहा आणि लगेच गम, तर काही उपयोग नाही, आंबट किंवा चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबावं लागतं नाहीतर तोंडातून निकोटिन नीट शोषलंच जात नाही. टपरीवर सगळे धूर सोडतायत आणि मी घड्याळ बघतोय. पण सुटली.

बोलघेवडा:
लिंबाशिवाय पोहे?? त्यापेक्षा सिगरेट बरी 😂

सुदामानगरची सून:
ह्यांना पॅच होता, कातडीवर चिकटवायचा, आधी 21 एमजीचा मग 14 मग 7. रात्री लावून झोपले की काय ती स्वप्नं! एकदा वारलेल्या काकांशी जमिनीवरून भांडत उठले. डॉक्टर म्हणाले झोपताना काढून टाका, मग थांबलं. सासूबाईंचं एकच, हेही निकोटिनच ना, मग सोडलं काय?

आळशी उंट:
काकूंना सांगा कॅन्सर होतो तो धुरातल्या टारबिरने, निकोटिन फक्त चटक लावतं. पॅचमधून ते हळूहळू मिळतं म्हणून चिडचिड कमी होते. बाकी हिय्या आपलाच.

जिरावन:
+१. आणि 1800-11-2356 वर फोन करा, तंबाखू सोडायची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट. तंबाखूवाल्यांनीपण.

बोलघेवडा:
वेप म्हणजे ई-सिगरेट चालेल का

आळशी उंट:
2019 पासून बंदी आहे बाबा

सुदामानगरची सून:
कुकर झाला, येते. कोणी उसळ-पोहे बरे कुठे मिळतात सांगा ना, रविवारी पुण्याचे पाहुणे आहेत, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गर्दी फार असते.

बोलघेवडा:
घरीच करा वहिनी, आम्हीपण येतो. लिंबू घेऊन 🍋