मदत हवी आहे: मराठी, कोंकणी, पोर्तुगीज पुस्तकांचं कॉलेज ग्रंथालय कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर न्यायचं आहे

डिचोली_ग्रंथालय

नमस्कार. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाचं ग्रंथालय आहे. सुमारे ३८ हजार पुस्तकं. निम्म्याहून जास्त इंग्रजी, त्याखालोखाल मराठी, मग देवनागरी कोंकणी, थोडी रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी आणि देणगीत आलेली हजारभर पोर्तुगीज. विंडोजवरचं जुनं सॉफ्टवेअर आहे, ते पुरवणाऱ्यांनी सेवा थांबवली आहे. त्यातून एक्सेल फाइल तेवढी निघते. आठ जीबी रॅमच्या सर्व्हरवर उबुंटू टाकून चाचणीपुरतं कोहा बसवलं आहे.

जुन्या नोंदींतली मराठी नावं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड होऊन आली आहेत. ती परत टाइप करायची का?

दुसरी अडचण मला जास्त सतावते. कोहात युनिकोडमध्ये नव्याने भरलेल्या नोंदी नीट दिसतात, पण शोध विचित्र चालतो. आधी देवनागरी धड सापडतच नव्हतं. आयसीयू (युनिकोड शब्द हाताळणारी सोय) चालू केल्यावर सापडायला लागलं, पण ‘कूळ’ शोधलं की कूळ कायद्याबरोबर केळ लागवडीचं पुस्तकही येतं. आणि ‘वाऱ्यावर’ शब्द असलेली काही पुस्तकं मिळतात, काही मिळत नाहीत. पडद्यावर शब्द तोच दिसतो.

व्यवस्थापनाकडे आरएफआयडीची (रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगची) कोटेशनं आली आहेत. बारकोड टाळून थेट तिकडे जावं का? लेबलं गणेश चवथीच्या सुट्टीत चिकटवून घ्यायचा विचार आहे. नॅक मूल्यांकनाच्या ४.२.१ या निकषात ऑटोमेशन पूर्ण की अंशतः हे लिहावं लागतं, म्हणून घाई आहे. ई-जर्नल्स आणि जुन्या प्रश्नपत्रिकांबद्दलही सांगा. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

मांडवीकाठ

आधी शोधाचं बघू. तो सुधारल्याशिवाय एकही नोंद मोठ्या प्रमाणात आत घेऊ नका.

तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये झेब्रा (कोहाचं शोधयंत्र) इंडेक्स आहे असं गृहीत धरतो. ‘वर्ड्स-आयसीयू’ नावाची एक्सएमएल फाइल उघडा. तीत ‘एनएफडी, नॉनस्पेसिंग मार्क रिमूव्ह, एनएफसी’ अशा अर्थाची ओळ (चिन्हं सुटी करा, काढा, उरलेलं पुन्हा जोडा) आहे का बघा. हा नियम युरोपीय भाषांसाठी असतो. अक्षरावरची चिन्हं काढून टाकतो, म्हणजे आघातचिन्ह न देता टाइप केलं तरी शब्द सापडतो. पण युनिकोडच्या हिशेबात आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हीसुद्धा ‘नॉनस्पेसिंग मार्क’च आहेत. काना आणि वेलांट्या वेगळ्या वर्गात मोडतात, त्या वाचतात. म्हणून ‘कूळ’ आणि ‘केळ’ दोन्ही इंडेक्समध्ये ‘कळ’ होऊन बसतात आणि ‘काळ’ मात्र वेगळा राहतो. ‘मुंडकार’ तिथे ‘मडकार’ झालेला असणार.

ओळ सरसकट काढू नका, तुमच्याकडे पोर्तुगीज पुस्तकं आहेत. तिल्द, सेडिल, आघातचिन्ह विद्यार्थी टाइप करत नाहीत. नियम ठेवा, फक्त ‘नॉनस्पेसिंग मार्क’च्या जागी नेमकी कक्षा द्या: यू+०३०० ते यू+०३६एफ. एनएफडी झाल्यावर पोर्तुगीज अक्षरांपासून सुटी होणारी चिन्हं याच कक्षेत येतात. देवनागरीला धक्का लागत नाही.

आता ‘वाऱ्यावर’. हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ (यू+०९३१), हलन्त, ‘य’. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारा शून्यरुंदी जोडक (यू+२००डी), मग ‘य’. डोळ्यांना एक, मशीनला दोन. वरच्याच कक्षेत यू+०९३सी (नुक्ता), यू+२००सी आणि यू+२००डी ही तीन चिन्हं घाला. एनएफडीमध्ये ‘ऱ’ फुटून र अधिक नुक्ता होतो, नुक्ता गेला की र उरतो, जोडकही गेला, दोन्ही रूपं एक झाली. परिणामी ‘दर्या’ शोधला तर ‘दऱ्या’ही येतील. ग्रंथालयात ते चालतं. पुस्तक न सापडण्यापेक्षा एखादं जास्त सापडलेलं बरं. ‘ॲ’चंही तसंच: एक अक्षर म्हणून, किंवा अ अधिक चंद्र म्हणून. त्याला एक ओळ वेगळी लिहावी लागते, दुसरं रूप पहिल्यात बदलणारी.

शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्दही याच साखळीतून जातो, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. मूळ नोंदीत काही बदलत नाही. फ्रेज इंडेक्सच्या आयसीयू फाइलमध्येही हाच बदल करा, झेब्रा रीस्टार्ट करा, मग पूर्ण रीइंडेक्स. अंशतः रीइंडेक्स केलं तर जुन्या नोंदी जुन्याच नियमाने पडून राहतात आणि तुम्ही नियमातच चूक शोधत बसता.

कोहा अपग्रेड करताना उबुंटू विचारतं: तुमची बदललेली फाइल ठेवू की पॅकेजमधली घेऊ? तुमची ठेवा. इथे सवयीने ‘हो’ म्हटलं की मराठी शोध पूर्वपदावर येतो. दोन्ही फाइलींची प्रत सर्व्हरबाहेर असू द्या.

शेवंती

मांडवीकाठ यांच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. थोडी भर: सिस्टिम प्रेफरन्समध्ये ‘क्वेरी ऑटो ट्रंकेट’ (शब्दाच्या सुरुवातीवरून शोध) चालू ठेवा आणि स्टेमिंग (प्रत्यय काढून मूळ शब्द शोधणं) बंद. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘गोवा’ टाइप केलं तर ‘गोव्याचा’ सापडणार नाही, पण नुसतं ‘गोव’ टाइप केलं तर दोन्ही सापडतात. ओपॅकच्या (वाचकांसाठीच्या ऑनलाइन सूचीच्या) पहिल्या पानावर मुलांसाठी ही एक ओळ लिहून ठेवा, फार उपयोगी पडते.

गिचमिडीबद्दल: परत टाइप करू नका. ती नावं श्री-लिपी, आयएसएम किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये भरलेली असणार. आतला कोड इंग्रजी अक्षरांचा, वर दिसायला मराठी. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. आधी जुन्या संगणकावर फॉन्टचं नेमकं नाव बघा. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी नोंदी केल्या असतील तर एकाच फाइलमध्ये दोन फॉन्टही निघतात, म्हणून दाखल क्रमांकाप्रमाणे गट पाडून प्रत्येकातल्या थोड्या नोंदी करून बघा.

चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी राहते आणि रफार एक अक्षर पुढे सरकतो. लिब्रेऑफिसमध्ये रेग्युलर एक्सप्रेशन लावून मोकळ्या जागेनंतर किंवा सेलच्या सुरुवातीला लगेच काना, वेलांटी, मात्रा आलेले शब्द शोधा. कुठलाही मराठी शब्द मात्रेने सुरू होत नाही, त्यामुळे सापडेल तो हमखास बिघडलेला. रफाराच्या चुका मात्र माणसानेच वाचून काढाव्या लागतात.

सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. देवनागरी बिघडू शकते, ‘००१२५४’चं ‘१२५४’ होतं आणि तारखेत दिवस-महिना उलटतात. लिब्रेऑफिसमध्ये यूटीएफ-८ निवडून सगळे कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून उघडा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने करा. मग मार्कएडिटच्या डिलिमिटेड टेक्स्ट ट्रान्सलेटरमधून मार्क फाइल (ग्रंथालयी नोंदींचा प्रमाण साचा) बनवा. नोंदीच्या सुरुवातीच्या लीडरच्या नवव्या स्थानी ‘ए’ हवा, म्हणजे नोंद युनिकोडची आहे हे कळतं. प्रतींची माहिती ९५२ या फील्डमध्ये: पी-मध्ये बारकोड, ओ-मध्ये वर्गांक, ए आणि बी-मध्ये शाखा, वाय-मध्ये आयटम टाइप. शाखेचे आणि आयटम टाइपचे कोड कोहात आधीच तयार करा, स्मॉल-कॅपिटलसह तंतोतंत तेच.

भाषेचे कोड मराठी, कोंकणी, पोर्तुगीज तिघांनाही आहेत, ००८ मध्ये ३५ ते ३७ या स्थानांवर. पण देवनागरी आणि रोमी कोंकणीला कोड एकच. लिपी ५४६ च्या बी-उपफील्डमध्ये लिहा, नाहीतर रोमी पुस्तकं वेगळी काढून दाखवता येत नाहीत. ती मागणारे वाचक गोव्यात आहेत, त्यांची सोय झाली पाहिजे. नाव मूळ लिपीत २४५ मध्ये, इंग्रजी कीबोर्डवाल्यांसाठी रोमन रूप २४६ मध्ये. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेआधीच्या पोर्तुगीज पुस्तकांत ‘फ’साठी पी-एच असं जुनं स्पेलिंग दिसतं, त्यांचं आजचं स्पेलिंगही २४६ मध्ये टाका.

पहिला गट ५० नोंदींचा. तपासा, चुकला तर स्टेज्ड मार्कमधून ‘अनडू’ करा. मग दोन-दोन हजारांचे गट.

डिचोली_ग्रंथालय

दोघांचेही मनापासून आभार. ती ओळ फाइलमध्ये होती. कक्षा बदलून पूर्ण रीइंडेक्स केलं. ‘कूळ’मधून केळ गेली, ‘वाऱ्यावर’ सगळी आली.

एक नवीन प्रश्न: आमच्याकडे मुख्य रजिस्टर वेगळं आणि बुक बँकेचं वेगळं. दोन्हींत १ पासून क्रमांक आहेत. ५० च्या गटात काही प्रती आत आल्याच नाहीत, ते यामुळेच का?

कपाट_९

हो. कोहात बारकोड एकमेव लागतो, दुसऱ्यांदा आलेला नाकारला जातो. पुस्तकांवरचे दाखल क्रमांक बदलू नका. बुक बँकेच्या बारकोडला ‘बीबी’ असा उपसर्ग द्या आणि सगळे क्रमांक सहा अंकी करा. कोड १२८ वापरा, कोड ३९ पेक्षा तो कमी जागेत मावतो.

आता लेबलं. चवथीत नको! भर पावसाळ्यात पुठ्ठ्याची बांधणी दमट असते, गोंद धरत नाही, कडा उचलतात आणि वाचक त्या नखाने सोलतात. नाताळच्या सुट्टीत करा, हवा कोरडी असते. तोपर्यंत डेटा साफ होईल, तेच काम मोठं आहे.

साधा कागदी स्टिकर घेऊ नका, इथल्या दमट हवेत कसर कागद आणि गोंद दोन्ही खाते. पॉलिस्टरचं लेबल, ५० बाय २५ मिलिमीटर, रिबनवर छापणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि रेझिन रिबन. बिनरिबनचा डायरेक्ट थर्मल स्वस्त दिसतो, पण छपाई उडत जाते. एक लेबल शीर्षकपानाच्या मागे, एक ठरलेल्या गुप्त पानावर. मुखपृष्ठावर लावू नका, बांधणीला गेलं की जातं.

देणगीतल्या पोर्तुगीज पुस्तकांना मात्र काहीही चिकटवू नका. आम्लमुक्त कागदाची पट्टी कापून तिच्यावर बारकोड छापा आणि पानांत सरकवून ठेवा. जुना कागद लेबलासकट फाटतो आणि मग तो परत आणता येत नाही.

आरएफआयडीच्या टॅगमध्येही शेवटी प्रतीचा हाच क्रमांक लिहितात. म्हणजे बारकोडचं काम वाया जात नाही, ते झालं की टॅगिंग सोपं होतं. उलट क्रमाने गेलात तर मुख्य रजिस्टर आणि बुक बँकेचा घोळ टॅगमध्ये शिरेल. व्यवस्थापनाला सांगा, एक वर्ष थांबा. घ्याल तेव्हा निविदेत लिहा: १३.५६ मेगाहर्ट्झ, आयएसओ १५६९३ चे टॅग, आयएसओ २८५६० प्रमाणे डेटा, कोहाशी एसआयपी-२ ने जोडणी, आणि टॅग पुरवठादाराच्या खासगी किल्लीने लॉक केलेले नसावेत. ही शेवटची अट विसरलात तर पुढे दुसऱ्या कोणाचा रीडर ते वाचू शकत नाही. लोखंडी रॅकला टेकलेले टॅग नीट वाचले जात नाहीत आणि पातळ पुस्तकांत एकावर एक आले तर एखादा सुटतो. म्हणून टॅग थोड्या वेगवेगळ्या उंचीवर लावतात.

सर्व्हरला यूपीएस आहे ना? गडगडाटात लाइट गेली आणि सर्व्हर अचानक बंद पडला तर डेटाबेस बहुधा सावरतो, इंडेक्स बिघडू शकतो. तेव्हा पूर्ण रीइंडेक्स. कोहा रोज बॅकअप घेतं, पण मूळ सेटिंगमध्ये दोनच दिवसांचे ठेवतं, तेही त्याच डिस्कवर. रात्री ते दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर कॉपी होतील असं लावा आणि एकदा त्यातून कोहा परत उभं करून बघा.

मांडवीकाठ

ई-साधनांबद्दल थोडक्यात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या ई-जर्नल्सच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल्स. पण योजना केंद्र आणि राज्य सरकार चालवत असलेल्या संस्थांसाठी आहे. अनुदानित खासगी कॉलेजने ते गृहीत धरू नये, इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेच्या यादीत नाव बघावं. तुमचा मुख्य आधार एन-लिस्टच (कॉलेजांसाठीची इन्फ्लिबनेटची ई-साधनं), ते वेळेत रिन्यू करा. प्रवेश संपले की विद्यार्थ्यांची यादी कोहातून काढून तीच तिकडे चढवा, म्हणजे दोन्हीकडे ईमेल एकच राहतात.

प्रश्नपत्रिकांसाठी डीस्पेस (डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर) आत्ता नको. आवृत्ती ७ पासून त्याला जावा, टॉमकॅट, सोलर, पोस्टग्रेस आणि वेगळा अँग्युलर इंटरफेस एवढं सगळं लागतं. तुमच्या आठ जीबीत कोहाशेजारी ते मावायचं नाही.

शेवंती

इथे थोडा मतभेद. वेगळं मशीन मिळालं तर डीस्पेस घ्यावं, प्रकल्प अहवालांसाठी तेच योग्य. पण तोपर्यंत स्कॅनिंग थांबवू नका. ३०० डीपीआयला स्कॅन करा, मूळ टिफ जपा, वाचकांसाठी पीडीएफ. टेसरॅक्ट या अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही आहेत, देवनागरी कोंकणीला मराठीचा डेटा लावून नंतर तपासा. फाइलच्या नावात विषयकोड, सेमिस्टर, वर्ष ठरलेल्या क्रमाने घाला. पीडीएफ वेबफोल्डरमध्ये ठेवून कोहाच्या नोंदीत ८५६ मध्ये दुवा द्या. पुढे डीस्पेसला नेताना याच नावांतून मेटाडेटा निघतो.

डिचोली_ग्रंथालय

लेबलं नाताळात, हे प्राचार्यांना सांगितलं, त्यांना पटलं. नॅकमध्ये सध्या ‘अंशतः’ लिहितो आणि सोबत कोहाची आवृत्ती व वर्ष देतो. बॅकअप दुसऱ्या इमारतीत जायला लागला आहे, परत उभं करून बघणं बाकी आहे. ‘ॲ’ची ओळ लिहिली, पण ‘ॲप’ अजून एकाच रूपात सापडतं.

मांडवीकाठ

ती ओळ साखळीत टोकनाइझच्या आधी आणि दोन्ही फाइलींत आहे ना, बघा. उजवीकडचं अक्षर खरोखर यू+०९७२ आहे का, हेही तपासा. पेस्ट करताना कीबोर्डने पुन्हा अ अधिक चंद्र घातला असेल तर नियम स्वतःलाच स्वतःत बदलत राहतो.

डिचोली_ग्रंथालय

तेच होतं. आता दोन्ही रूपांत सापडतं.