चर्चा : ब्रँडवर टीकेची झोड उठली की तासाभरात उत्तर द्यायलाच हवं का?

निवांत_निरीक्षक (धागाकर्ती)
'तासाभरात बोला, नाहीतर संपलात' हा जनसंपर्क क्षेत्रातला आजचा मंत्र मला घातक वाटतो. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने एका प्रवाशाला फरफटत विमानाबाहेर काढलं, सहप्रवाशांचे व्हिडिओ जगभर फिरले. दुसऱ्याच दिवशी कंपनीप्रमुख ऑस्कर म्युनोझ यांचं निवेदन आलं. दिलगिरी कशाबद्दल, तर काही प्रवाशांची 'पर्यायी सोय' करावी लागली म्हणून! कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात त्या प्रवाशालाच भांडखोर ठरवलं होतं, तेही फुटलं. खरी माफी आली ती त्यानंतरच्या दिवशी. उशीर झालाच नव्हता, घाई झाली होती.

खडूस_कॉपीरायटर
घाई कसली? त्यांना तेच म्हणायचं होतं! गप्प बसल्याने काय होतं, ते डॉमिनोजला विचारा. २००९ मध्ये दोन कर्मचाऱ्यांनी अन्नाशी किळसवाणे चाळे करून व्हिडिओ युट्यूबवर टाकला. आपण बोललो तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल, म्हणून कंपनीने आधी गाजावाजा टाळला. व्हिडिओ लाखो लोकांपर्यंत गेला. शेवटी वरिष्ठ अधिकारी पॅट्रिक डॉयल यांना युट्यूबवरच येऊन माफी मागावी लागली.

रात्रपाळी
मी ब्रँडची खाती सांभाळते. दोघांनाही एक विचारायचंय, उत्तर देणार कोण? रात्री शिव्या माझ्या स्क्रीनवर पडतात. परतावा देणं, माल मागे घेणं, चूक कबूल करणं, यातलं काहीही माझ्या हातात नाही. मजकूर विधी विभागाकडे जातो आणि परत येतो तेव्हा त्यात कर्ताच उरलेला नसतो. 'गैरसोय झाली असल्यास खेद आहे.' मग लोक म्हणतात, रोबो बोलतोय! वेग वाढवायचा असेल तर अधिकार खाली द्या. नुसती डेडलाइन खाली ढकलू नका.

जुनाजाणता
सोशल मीडियाने मूळ काही बदललेलं नाही. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, ७ जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून ३ कोटींहून अधिक बाटल्या परत घेतल्या. विश्वास त्या कृतीने परतला, शब्दांनी नाही.

निवांत_निरीक्षक
आणि ती कृती पहिल्या मृत्यूनंतर जवळपास आठवड्याने झाली! आज तेवढा अवधी कोण देईल? माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

जुनाजाणता
त्या आठवड्यात कंपनी गप्प नव्हती, ताई. डॉक्टरांना आणि रुग्णालयांना इशारे गेले, जाहिराती थांबल्या. म्हणजे जेवढं कळलं तेवढं सांगणं सुरू होतं.

खडूस_कॉपीरायटर
अवांतर : २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीकडे चिकनच संपलं. त्यांची गाजलेली माफी होती छापील वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात. बकेटवर नावाचीच अक्षरं उलटसुलट करून जवळपास शिवी. लोकांनी फोटो काढून ती स्वतःच सोशल मीडियावर पसरवली. अर्थात तिथे कुणाचा जीव गेला नव्हता, विनोद परवडला.

निवांत_निरीक्षक
ठीक. मग युनायटेडच्या जागी पहिल्या तासात तुम्ही काय लिहिलं असतं?

रात्रपाळी
'व्हिडिओ पाहिला. विमान आमचंच आहे. प्रवाशाची प्रकृती कशी आहे ते विचारतोय. सहा वाजता पुन्हा लिहू.' आणि सहाला लिहायचंच, नवीन काही हाती नसलं तरी.

निवांत_निरीक्षक
'विमान आमचंच आहे' एवढं तुमचा विधी विभाग तासाभरात सोडेल?

रात्रपाळी
नाही. म्हणून तर अधिकार मागतेय.