"आपल्या एकट्यानं काय होतंय" हे वाक्य आधी बंद करा

गावभागची सून

काल कॉलनीच्या ग्रुपवर एकांनी पोस्ट टाकली. मजकूर थोडक्यात असा की कापडी पिशवी, बादलीनं अंघोळ, घरचं खत ही सगळी मनाची समजूत आहे, नदी कारखान्यांनी घाण केलीय, आपण एकट्यानं काहीही केलं तरी काडीचा फरक पडत नाही, तर उगाच जिवाला ताप करून घेऊ नका. खाली अंगठ्यांची ही रांग. मी रात्री दोनदा उत्तर टाइप केलं, दोनदा पुसलं, झोप लागेना म्हणून इथं लिहितेय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं घर तळमजल्याला. पाणी उतरल्यावर सासूबाई आणि मी खराटा, घमेलं घेऊन आत गेलो. चिखल असणार हे धरूनच चाललो होतो. पण खिडकीच्या गजांना प्लास्टिकच्या पिशव्यांचा पीळ बसला होता, दोरखंड वळावा तसा. ओढून निघेना. शेवटी विळीनं कापत बसलो. एक गुंता सोडवला की आत गुटख्याची पुडी, शाम्पूचं पाऊच, दुधाची पिशवी, आणि एका पिशवीवर आमच्याच चौकातल्या मिठाईवाल्याचं नाव, धड वाचता येत होतं. कुठल्या कारखान्यानं आणून अडकवली नव्हती ती. पूर पिशव्यांनी आला असं मी म्हणत नाही, पूर पावसानं आणि धरणाच्या विसर्गानं आला. पण नदी खाली गेल्यावरही आमच्या बोळातलं पाणी हलेना कारण गटाराच्या तोंडाला याच पिशव्यांचा बोळा बसलेला. ते पाणी, तो वास, त्यात सासूबाईंच्या पायाची जखम चिघळली.

तेव्हापासून दुधाच्या पिशवीचा कोपरा मी कापून टाकत नाही, नुसती चीर देते, म्हणजे तो एवढासा तुकडा गटारात जात नाही. पिशवी धुऊन ओट्यामागच्या तारेला वाळत घालते आणि महिन्यानं भंगारवाल्याला देते. ओला कचरा गच्चीवर भोकं पाडलेल्या दोन बादल्यांत, खाली नारळाच्या शेंड्या, वर सुका पाला. २३ जून २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली, पहिल्या वेळेला ५००० रुपये दंड म्हटल्यावर मंडईत प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी होती. म्हणजे जमतं. दंडाची भीती गेली आणि पिशव्या परत आल्या, हे आपण केलं. कारखान्यानं नाही.

स्पष्टवक्ता मिरज

वहिनी, तुमच्यावर जे गुदरलं त्याबद्दल काही म्हणणं नाही, माझ्या बहिणीचं घर पण पाण्यात होतं. पण मुद्दा चुकतोय. सांगलीचं सांडपाणी घेऊन शेरीनाला कृष्णेत मिसळतोय ही बातमी मी शाळेत असताना वाचायचो, आता माझा मुलगा कॉलेजला आहे आणि बातमी तीच आहे. नदीत मासे मरून काठाला लागतात ते पिशवीमुळं लागत नाहीत, पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून लागतात, आणि तो सांडपाण्यानं अन् मळीनं संपतो. कापडी पिशवीचा खरा तोटा सांगू का, ती हातात आली की माणसाला वाटतं माझं काम झालं. मग तो निवडणुकीत शेरीनाल्याबद्दल एक प्रश्न विचारत नाही. पोस्ट टाकणारा उद्धट असेल पण चूक नाही बोलला.

गावभागची सून

प्रश्न कोण विचारतं तेही बघा ना. आमच्या बोळाच्या गटारासाठी सह्या गोळा करत फिरलो त्या आम्ही सात जणी, त्यातल्या सहा घरी खत करणाऱ्या. पोस्ट टाकणाऱ्यांच्या दारात दोनदा गेलो. वेळ नव्हता त्यांना.

पूरग्रस्त २००५

पिशव्या, खत सगळं बाजूला ठेवा. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर झाली की तुमच्या गच्चीवरच्या बादल्या पण वाहून जातील. २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळा मी सामान माडीवर चढवलंय. यावर कुणी बोलत नाही.

स्पष्टवक्ता मिरज

यावरच सगळे बोलतात हो. पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ चं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं, अतिवृष्टी आणि पूररेषेतली बांधकामं म्हटलं होतं. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या पूररेषेच्या आत प्लॉट कुणी पाडले, कुणी घेतले?

पूरग्रस्त २००५

समिती माझ्या माडीवर येऊन राहिली नव्हती.

सातारकरीण

मला एक वेगळंच बोलायचंय. या सगळ्या चांगल्या सवयी घरात कुणाच्या डोक्यावर पडतात? पिशव्या धुवायच्या कुणी, बादली ढवळायची कुणी, बाळाचे कापडी लंगोट धुवायचे कुणी? आमच्या घरी पर्यावरणावर भाषण माझे मिस्टर करतात आणि ओला कचरा मी निवडते. पोस्टमधलं "जिवाला ताप" हे बाईच्या बाबतीत खरं आहे, एवढं तरी मान्य करा.

आणि दुसरं, वाईजवळ आमच्या गावाकडं अजून तांब्याचा बंब आहे. लहानपणापासून बघतेय, पहाटे तो पेटवायला तुटकी चप्पल, सायकलची जुनी ट्यूब, दुधाच्या पिशव्या. चटकन पेट घेतात म्हणून. तो काळा धूर अंगणभर, आणि त्याच अंगणात बाळंतिणीची खाट. मी लग्नानंतर ते बंद करायला लावलं तर महिनाभर अबोला होता. आता शहरातल्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, पीएम सूर्यघर योजनेत ७८००० अनुदान मिळालं, अंघोळीचं पाणी विजेवरच तापतं आणि बिल नावाला येतं. या सवयीत कुणालाच रोज राबावं लागत नाही. असे उपाय आधी सांगा ना.

गावभागची सून

सातारकरीण, बाईच्या डोक्यावर पडतं हे खरंय. आमच्याकडं बादली ढवळायचं काम मी मुलाला लावलंय, रडतखडत करतो. सोलरचं बरोबर, पण भाड्यानं राहणाऱ्यानं काय करायचं? गच्ची मालकाची.

विश्रामबागकर

सगळे घरातल्या पिशव्या मोजताय, मी हवेबद्दल बोलते. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढायला गेलं की त्यावर काळी कुसळं बसलेली असतात. हात लावला की चुरा होतो आणि पांढऱ्या शर्टावर रेघ उमटते. उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला पेटवल्याची काजळी आहे ती. माझ्या मुलाला दमा आहे. थंडीत तोडी सुरू झाल्या की नेब्युलायझर कपाटातून खाली येतो, तो मार्च संपेपर्यंत वर जात नाही. मी प्लास्टिक वापरत नाही, दोन चाकी असून सायकलनं बाजारात जाते, आणि शेतकरी एका काडेपेटीत सगळ्यावर पाणी फिरवतो. त्याला कुणी काही म्हणत नाही कारण तो अन्नदाता.

रानमाणूस वाळवा

आला विषय शेतकऱ्यावर. वाटच बघत होतो. ताई, धूर तुमच्या गच्चीवर यायच्या आधी आमच्या घरात येतो, आमची पोरं काय बिनफुफ्फुसाची आहेत काय. आम्ही हौसेनं पेटवत नाही. ऊस गेला की रानात गुडघाभर पाचट राहतं, त्यातनं पाटाचं पाणी सरीला पुढं जात नाही, बुडख्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या खुंटाची फूट दबती, उंदरं होत्यात, उंदरांमागं साप. गेल्या साली आमच्या शेजारच्या गड्याला पाचटातच साप चावला, सहा दिवस दवाखान्यात होता. त्यात ऊसतोडीची टोळी. उभ्या उसाला काडी लावली की तोड पटापट होते म्हणून मुकादम अडून बसतो, नाही म्हटलं तर तुमचा ऊस शेवटाला. बरं, जळीत ऊस म्हणून कारखाना वजनात कपात करतो ती आमच्याच खिशातनं. दोन्हीकडनं आम्हीच मरायचं आणि शहरातल्या माणसानं गच्चीवरनं आम्हाला शिकवायचं. चहात साखर घालताना काजळी दिसत नाही व्हय?

विश्रामबागकर

साखर विकत घेते, फुकट नाही. आणि साप चावला म्हणून माझ्या मुलानं धूर खायचा, हा कुठला न्याय? तुमची अडचण मी समजून घ्यायची आणि माझी अडचण तुम्ही "गच्चीवरनं शिकवणं" म्हणायची.

रानमाणूस वाळवा

एक दिवस येऊन पाणी पाजून दाखवा पाचटातनं. रात्री. शेतीची लाइट रात्रीचीच असती बहुतेक वेळा. मग बोला.

कडेगावचा पाव्हणा

भांडू नका, मी रात्रीचं पाणी पाजलंय आणि पाचट पण ठेवलंय, तर माझं ऐका. आमच्याकडं टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तेव्हापासून ऊस. उपसा योजनेचं पाणी म्हणजे पाणीपट्टी भरूनच घ्यायचं, त्यामुळं थेंबाची किंमत आम्हाला कळते, नदीकाठच्यांना ती कळत नाही, राग मानू नका. पहिल्या दोन खोडव्यांना, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला, मी पण पाचट पेटवलं. तिसऱ्या वर्षी आमच्या मेव्हण्यानं भरीला पाडलं.

काय केलं ते सांगतो. ऊस गेल्या गेल्या बुडखे जमिनीबरोबर छाटून घेतले, धारदार कुदळीनं, कारण वर राहिलेल्या डोळ्याची फूट कमजोर येते. पाचट एक आड एक सरीत दाबलं. म्हणजे एका सरीतनं पाणी मोकळं जातं, रानमाणूस म्हणतात ती अडचण तिथंच निम्मी सुटते. दाबलेल्या पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकलं आणि ओल दिली. युरिया नाही टाकला तर कुजताना पाचटच जमिनीतला नत्र ओढून घेतं आणि ऊस पिवळा पडतो, मग लोक म्हणतात पाचट ठेवलं म्हणून ऊस बसला. पहिल्या वर्षी मी युरिया कमी टाकला आणि माझा ऊस खरंच पिवळा पडला, वडील दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी. दुसऱ्या वर्षी नीट केलं. एकरी तीनेक टन पाचट निघतं, ते पावसाळ्यापर्यंत काळं भुसभुशीत झालं, हातात घेतलं तर चहाच्या चोथ्यासारखं, खाली गांडुळं. तणाला भांगलणीची बाई लावावी लागली नाही. दोन पाळ्यांतलं अंतर वाढलं, कारण झाकलेल्या रानाला ऊन लागत नाही.

उंदराचं मात्र रानमाणूस बरोबर बोलतात. उंदीर होतो. मला पण झाला.

स्पष्टवक्ता मिरज

हा धागा प्लास्टिकचा होता का उसाचा?

रानमाणूस वाळवा

पाव्हणं, तुमचं रान मुरमाड, उताराचं. आमचं काळं, नदीकाठचं. एक पाऊस झाला की आठ दिवस वाफसा येत नाही, रान ओलंच राहतं. तिथं पाचट दाबलं की सडून वास मारंल. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

कडेगावचा पाव्हणा

काळ्या रानाला तर सेंद्रिय जास्त लागतंय. तुमच्याकडं वाळवा-मिरज पट्ट्यात किती रानं क्षारपड झाली ते तुम्हीच बघताय, रानावर पांढरी खार फुटलेली, बांधावर बाभळीशिवाय काही येत नाही. जास्तीचं पाणी आणि नुसतं रासायनिक खत, वर दरवर्षी काडी. माझ्या आत्याचं दीड एकर असंच गेलं. आजोबा तिथं जोंधळा घ्यायचे, आता त्यात म्हस पण चरत नाही. निचऱ्याचे चर काढा आधी, मग पाचट सडायचा प्रश्न कशाला येतोय.

रानमाणूस वाळवा

आत्याच्या रानाचं बोलू नका. आमच्या थोरल्या भावाचं पण तसंच झालंय. दोन एकर.

विश्रामबागकर

मला हे क्षारपड वगैरे माहीत नव्हतं. रागानं बोलले, काडेपेटीचं वाक्य मागे घेते. धुराचं मागे घेत नाही.

गावभागची सून

माझा मुद्दा हाच होता आणि तो पाव्हण्यांनी माझ्यापेक्षा नीट मांडला. त्यांच्या मेव्हण्यानं "आपल्या एकट्यानं काय होतंय" म्हटलं असतं तर तीन टन पाचट धूर होऊन गेलं असतं. स्पष्टवक्ते, शेरीनाल्यासाठी भांडूच, मी पुढं असेन. पण त्यात माझ्या घरातलं काय जातं तेवढं तरी माझ्या हातात आहे.

स्पष्टवक्ता मिरज

तेवढं मान्य. पण पोस्टवाल्याला तुम्ही जेवढं झोडपलं तेवढं नाल्यावर कुणी झोडपलेलं अजून बघायचंय. सह्यांचा कागद परत काढणार असाल तर मिरजेतनं वीस सह्या माझ्याकडनं धरा. कापडी पिशवीतनंच आणून देतो, बायकोनं शिवून ठेवलीय, वापरत नव्हतो.

रानमाणूस वाळवा

पाव्हणं, पाचटाची कुट्टी करायचं ते ट्रॅक्टरचं मशीन तुमच्याकडं भाड्यानं मिळतंय काय? आमच्या गावात नाही. माझा पाच एकर खोडवा आहे, त्यातलं रस्त्याकडचं उंचवट्याचं एक एकर यंदा पेटवत नाही, बाकीच्याचा शब्द देत नाही. युरिया किती, कधी, ते नीट लिहून पाठवा, पिवळा पडला तर तुम्हाला धरणार. आणि विश्रामबागच्या ताई, ते एकर फेब्रुवारीत मोकळं होईल. पोराला बरं वाटंल त्या दिवशी घेऊन या, वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा ढीग असतोय, पोरं खेळत्यात त्यावर. फक्त पाचटात शिरू देऊ नका.